चाकरी, घोडे आणि दुसरा दरवाजा

खुलताबादला येणारा प्रवासी बहुधा एका हिशोबाची गोष्ट ऐकून परततो. औरंगजेबाच्या उघड्या कबरीपाशी त्याला सांगितले जाते की, बादशहाने स्वतः टोप्या शिवून मिळवलेल्या पैशांतून ही कबर झाली. रक्कम सांगणाऱ्यागणिक बदलते. कोणी १४ रुपये १२ आणे म्हणतो. बादशहाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या मृत्युपत्रात टोप्यांचे ४ रुपये २ आणे आणि कुराणाच्या नकला करून मिळालेले ३०५ रुपये असा तपशील आहे. त्यातले ३०५ रुपये फकिरांना वाटावेत अशी सूचना आहे. या हिशोबाचे कौतुक पुष्कळ झाले. आम्हांला मात्र त्याच गावातला दुसरा एक हिशोब अधिक विचार करण्याजोगा वाटतो. खुलताबादच्या मातीत जे विसावले आहेत, त्यांतले कितीतरी जण आयुष्यभर कोणाच्या ना कोणाच्या चाकरीत होते. पहिल्या चाकरीत त्यांचे वेतन कसे ठरले, ते पुरेनासे झाले तेव्हा त्यांनी काय केले, वाढवून मागण्याची सोय त्यांना होती का, या प्रश्नांची उत्तरे इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आणि वारसांचे कलह यांच्यामध्ये एखाद्या वाक्यात उरकलेली असतात. ती वाक्ये वेचून एकत्र ठेवली, तर काय दिसते ते आपण पाहू.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी प्रारंभ अमीर हसन सिजझी याच्यापासून करावा. हा फारसी कवी अमीर खुसरोचा मित्र. दोघांनीही तरुणपणी बल्बनाचा मुलगा शाहजादा मुहंमद याच्या मुलतानच्या दरबारी नोकरी केली. १२८५ साली मोंगलांशी लढताना शाहजादा मारला गेला आणि ती चाकरी संपली. पुढे हसन दिल्लीच्या सुलतानाच्या लष्करात होता. कवी असला तरी पोटाला लष्करी वेतन लागत होते, हे आपल्या साहित्येतिहासकारांच्या सहसा ध्यानात राहत नाही. निजामुद्दीन औलिया यांच्या बैठकीतले संवाद हसनने १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवले. तो ग्रंथ म्हणजे 'फवाइद-उल-फुआद'. त्यात एका ठिकाणी हसनचे वेतन अडून राहिल्याचा उल्लेख येतो. त्यावर औलिया त्याला एका ब्राह्मणाची गोष्ट सांगतात. राजाने सर्वस्व हिरावून घेतलेला तो ब्राह्मण तरीही प्रसन्न असतो. मित्राने कारण विचारल्यावर तो सांगतो की, जानवे अजून माझ्यापाशीच आहे. गोष्ट सुंदर आहे. परंतु वेतन वाढवून मागणाऱ्याला, किंवा नुसते थकलेले वेतन मागणाऱ्याला, मनःशांतीचा उपदेश करण्याची आपली परंपरा किती जुनी आहे, तेही तिच्यातून दिसते.

त्याच काळातला राज्यकर्त्यांचा उपाय वेगळा होता. अल्लाउद्दीन खिलजीला फौज मोठी हवी होती आणि खर्च थोडा. बरनीच्या इतिहासाप्रमाणे स्वाराचे वेतन वर्षाला २३४ टंके ठरले, आणि दुसरे घोडे बाळगणाऱ्याला वर ७८. एवढ्यात स्वाराचे भागावे म्हणून सुलतानाने धान्यापासून कापडापर्यंत बाजाराचे भाव बांधून टाकले. म्हणजे पगार वाढवायचा नाही, तर तो पुरेल अशी महागाई ठरवायची! व्यवस्था कठोर होती आणि तिचा भार शेतकऱ्यांनी आणि बनियांनी सोसला. पण या व्यवस्थेत चाकराला धन्याशी बोलण्याचे कारणच उरत नाही, हे महत्त्वाचे. मुहंमद तुघलकाच्या काळात हसन दौलताबादेस आला आणि त्याचा शेवट इकडेच झाला. त्याची कबर खुलताबादेत आहे.

आता मलिक अंबर. आमच्या विषयाच्या दृष्टीने खुलताबादेतली सर्वांत बोलकी कबर हीच. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. व्हान डेन ब्रुक या डच व्यापाऱ्याने पुढे लिहून ठेवल्याप्रमाणे मोखा बंदरात त्याची किंमत ८० गिल्डर होती. बगदादच्या मीर कासिमाने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. तेथून तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतःही एके काळी हबशी गुलामच होता. त्याच्या घरी अंबरने कारभार, फौज आणि दरबारी राजकारण जवळून पाहिले. आजच्या भाषेत सांगायचे, तर ते त्याचे महाविद्यालय. १५७४-७५ च्या सुमारास चंगीझखान मेला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. तेव्हा त्याचे वय सत्तावीस-अठ्ठावीसच्या आत-बाहेर असावे.

येथे थोडे थांबले पाहिजे. गुलामाला वेतन नसते. अन्न, वस्त्र, शस्त्र, घोडे सारे धन्याचे, आणि त्याची किंमत एकदाच, तीही दुसऱ्याच्या हातात, मोजून झालेली असते. मुक्त झाल्याबरोबर अंबरला स्वतःची किंमत स्वतःच सांगावी लागणार होती. ती कशी सांगतात याचा सराव त्याला असण्याचे कारण नव्हते. तो विजापूरच्या चाकरीस गेला. तेथे त्याला लहानशा तुकडीची सरदारकी मिळाली आणि 'मलिक' हा किताबही मिळाला. किताब मिळाला खरा. पण आपली माणसे पोसायला पुरेसे द्रव्य मिळेना, आणि १५९५ साली त्याने विजापूर सोडले, असे इतिहासकार सांगतात. पहिल्या चाकरीत जवळजवळ वीस वर्षे! आज पहिल्या नोकरीत दोन वर्षे काढणाऱ्याला आपण अधीर म्हणतो किंवा स्थिर म्हणतो, ते क्षणभर बाजूला ठेवू.

किताब आणि द्रव्य यांतला हा भेद दख्खनी दरबारांत सर्वत्र आढळतो. मान देण्याला खजिन्यातून काही काढावे लागत नाही. हाताखाली शंभर-दीडशे स्वार बाळगणाऱ्या सरदाराला मात्र रोजच्या दाण्यागोट्याचा हिशोब चुकत नाही. चारा, नालबंदी, माणसांचे वेतन, मेलेल्या घोड्याच्या जागी नवे घोडे, हे सारे त्याला भागवावे लागते. अंबरची मागणी ही एका माणसाच्या पोटाची मागणी नव्हतीच. तो तुकडीच्या वतीने बोलत होता, आणि तुकडी त्याच्याबरोबर होती म्हणूनच त्याचे जाणे धन्याला जाणवणार होते.

अंबर अहमदनगरला परतला तो सुमारे १५० स्वार घेऊन, आणि अभंगखान या हबशी सरदाराच्या पक्षात सामील झाला. वेळ त्याने अचूक साधली, की ती आपोआप साधली गेली, हे सांगता येत नाही. १५९५ मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशहा वारला होता. गादीसाठी चार पक्ष भांडत होते, मोगल फौज दारात उभी होती आणि किल्ला लढवायला चांदबिबी पुढे आली होती. अशा वेळी दीडशे कसलेले स्वार ही फार मोठी गोष्ट असते. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा विस्कळीत झालेले शिपाई अंबरभोवती जमू लागले. त्याने परांड्याला दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. १६१० साली विल्यम फिंच हा इंग्रज प्रवासी त्याच्या फौजेत दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे लिहितो. त्याच वर्षी त्याने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर.

दीडशे स्वारांना द्रव्य पुरत नाही म्हणून बाहेर पडलेला माणूस पंधरा वर्षांत पन्नास हजारांचा पोशिंदा झाला. त्याच्या जमीनमहसुलाच्या व्यवस्थेची इतिहासकारांनी एवढी स्तुती केली आहे, तिच्यामागे विजापुरातले ते अपुरे वर्षासन असावे, असा आमचा तर्क आहे. पुरावा नाही, परंतु फौजेचे पोट गावाच्या पिकावर चालते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

त्या काळच्या चाकरीचे मर्म मराठी वाचकाला दोन शब्दांत सापडेल : शिलेदार आणि बारगीर. शिलेदार स्वतःचे घोडे, स्वतःचे हत्यार घेऊन येतो. बारगीर धन्याच्या घोड्यावर बसतो. दोघेही शूर असतील, दोघेही एकाच मोहिमेत मरतील, परंतु वेतनाच्या बोलीत दोघांची पायरी वेगळी. शिलेदार म्हणू शकतो की, पटत नसेल तर मी निघालो. बारगिराला निघायचे तर पायी निघावे लागते. आणि शिलेदाराचे घोडे लढाईत पडले, तर त्याचाही बारगीर व्हायला वेळ लागत नाही.

परंतु घोडे असून भागत नाही. निघालेल्याला जाण्यासारखे ठिकाण लागते. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर ते होते : अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि उत्तरेकडून उतरलेले मोगल. एकाने नाकारले तर दुसरा घेई. लखुजी जाधवराव १६२० च्या आसपास निजामशाही सोडून मोगलांकडे गेले, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना मिळून २४ हजार जात आणि १५ हजार स्वारांची मनसब मिळाली. नंतरच्या लेखकांनी अशा जाण्याला फितुरी म्हटले. निष्ठा नावाची वस्तू त्या काळी नव्हती, असे आम्ही म्हणत नाही. मात्र ज्याला आपण फितुरी म्हणतो, त्यातला बराच भाग वेतनाच्या वाटाघाटीचा होता.

अंबरलाही हे भोगावे लागले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूरकर यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. त्या लढाईत शहाजी भोसले त्याच्या बाजूने लढले आणि शहाजींचे भाऊ शरीफजी तेथे कामी आले. विजयानंतर मान आणि श्रेय यांच्या वाटणीवरून कुरबूर झाली असे दिसते. १६२५ मध्ये शहाजी निघाले आणि नेमके विजापूरला गेले. इब्राहिम आदिलशहाने त्यांना सरलष्कर केले. तीस वर्षांपूर्वी ज्या दरबारातून अंबर असमाधानाने बाहेर पडला होता, त्याच दरबाराने त्याच्या असमाधानी सरदाराला जास्त मानाने घेतले. अंबरला तेव्हा विजापूरचे दिवस आठवले का? कोणी लिहून ठेवलेले नाही. पुढच्याच वर्षी, १६२६ मध्ये, तो वारला.

औरंगजेबाकडे या दृष्टीने पाहिले तर टोप्यांच्या गोष्टीपेक्षा वेगळा माणूस भेटतो. १६२८ पासून त्याला रोज ५०० रुपये नेमणूक होती. डिसेंबर १६३४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, पहिली मनसब मिळाली : १० हजार जात, ४ हजार स्वार. १६३६ मध्ये तो दख्खनचा सुभेदार झाला. १६५२ मध्ये दुसऱ्यांदा याच सुभेदारीवर आला, तेव्हा दख्खनचा वसूल कागदावर ३ कोटी ६२ लाख होता आणि प्रत्यक्षात जेमतेम १ कोटी हाती येत होता. जहागिरीचा आकडा पूर्ण, उत्पन्न मात्र वर्षातल्या तीन-चार महिन्यांच्या वेतनाइतके, अशी मनसबदारांची स्थिती होती. या काळातली त्याची शाहजहानला लिहिलेली पत्रे म्हणजे एका चाकराने धन्याला लिहिलेले अर्जच आहेत. जहागिरी नापीक आहेत, खर्च भागत नाही, चांगले महाल तोडून द्यावेत. बापाला ते पटत नाही; उलट मुलाने उत्तम गावे स्वतःसाठी ठेवली, असा त्याला संशय. शेवटी मुर्शिद कुलीखानाकरवी जमिनीची पाहणी, लागवड, पिकानुसार सारा असे मार्ग काढले गेले. बादशहाच्या मुलाला दुसरा धनी नव्हता. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या : अर्ज करीत राहणे, किंवा धन्याची गादी घेणे. १६५८ मध्ये त्याने दुसरी घेतली.

गादीवर आल्यावर त्याने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवले. लष्करी इतिहासात हे विजय आहेत. चाकरीच्या इतिहासात दोन दरवाजे एका वर्षाच्या अंतराने बंद झाले. दोन्ही दरबारांचे सरदार एकाच धन्यापुढे रांगेत आले. मनसबी मिळाल्या, पण त्यांना पुरतील एवढ्या जहागिरी शिल्लक राहिल्या नाहीत. एक डाळिंब आणि शंभर आजारी, ही फारसी म्हण बादशहाच्या तोंडी यासंबंधातच सांगतात. कागदावर मनसब, हातात काही नाही, अशा या अवस्थेला बेजागिरी असे नाव पडले. ज्यांना तरीही निघायचे होते, त्यांना मराठ्यांचा एकच दरवाजा उरला होता, आणि पुष्कळ जण तेथे गेलेही.

महाराष्ट्रात एम्. ए., बी. एड्. होऊन शिक्षक म्हणून पहिली नोकरी मिळवणाऱ्याची गाठ आजही बहुधा एकाच धन्याशी पडते. संस्था कोणतीही असो, अनुदानित जागेचे वेतन शासन ठरवते. २००० साली शिक्षणसेवक योजना आली, तेव्हा पहिल्या तीन वर्षांसाठी मानधन प्राथमिकला ३,०००, माध्यमिकला ४,००० आणि उच्च माध्यमिकला ५,००० रुपये होते. पुढे ते ६,०००, ८,००० आणि ९,००० झाले आणि तेथेच दहा-बारा वर्षे थांबले. 'शिक्षणसेवक' या नावातला मान विजापूरच्या किताबाच्या जातीचा आहे, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. या नोकरीत मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन पगारवाढ मागण्याला अर्थ नसतो, कारण द्यायचे म्हटले तरी ते त्यांच्या हाती नाही. घोडे म्हणजे पदवी. पण रांगेतल्या प्रत्येकापाशी तशीच पदवी आहे. जी वाढ झाली ती निवेदने, मोर्चे आणि न्यायालय यांच्या मार्गाने, अनेकांच्या वतीने मागितल्यावर झाली. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० रुपये झाले.