घाटाखालची शाकारणी

कल्याणाहून मुरबाड, टोकावडे ओलांडून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैशाखरे हे गाव लागते. येथून नाणेघाट चढावयास जाणाऱ्यांचे चित्त घाटमाथ्यावरील सातवाहनांच्या लेण्यात गुंतलेले असते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील त्या लेण्यात राणी नागनिकेचा लेख आहे. तेथे कोरलेल्या राजपुरुषांच्या मूर्तींची आता पावलेच काय ती उरली आहेत. वरचे छत मात्र शाबूत आहे. छत म्हणजे प्रत्यक्ष डोंगर, तेव्हा त्यास शाकारणी लागण्याचे कारणच नव्हते. पायथ्याच्या रयतेचे भाग्य तसे नव्हते. त्याच दोन हजार वर्षांत तिने किती छपरे उतरवली व चढवली, याचा हिशेब कोणत्याही शिलेवर नाही; परंतु जुने घर राखू इच्छिणाऱ्यास लेण्यापेक्षा या छपरांचाच इतिहास अधिक उपयोगी पडेल.

या मुलखात पाऊस १०० इंचांच्या घरात पडतो. गरिबाच्या घराला कारवीच्या काठ्यांचा, शेणामातीने सारवलेला कूड आणि वर गवताचे अथवा भाताच्या पेंढ्याचे छप्पर असे. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. गवत तितकीही वर्षे टिकत नाही. ज्याची थोडी ऐपत असे, तो नळ्याची कौले घाली. कुंभार चाकावर निमुळता नळा काढी, आणि तो ओला असतानाच उभा चिरून त्याची दोन कौले करी. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, एवढीच त्यांची मांडणी. ती आपल्या भारानेच जागेवर राहत. वानरे व मांजरे ती सरकवीत. म्हणून दरवर्षी मृगापूर्वी, बहुधा वैशाखात, सगळी कौले चाळून फुटकी काढावी लागत. (गावाच्या नावाशी या महिन्याचा संबंध जोडण्याचा मोह व्युत्पत्तिकारांनी आवरावा, कामाशी त्याचा संबंध आहे तो पुरे.) तात्पर्य, ज्याला आपण जुने छप्पर म्हणतो, त्यातले प्रत्येक कौल जुने कधीच नव्हते. जुना होता तो दरसालचा परिपाठ. जपानातील इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात व तरीही ते प्राचीनच मानतात; २०१३ मध्ये ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले. आपल्या कोकणी घराची प्राचीनता याच जातीची आहे.

हा परिपाठ मोडला तो १८६५ नंतर. त्या वर्षी थळघाटातून आगगाडी सुरू झाली व नाणेघाटासारख्या बैलवाटांचे महत्त्व अधिकच घटले. त्याच वर्षी बासेल मिशनने मंगळुरास नेत्रावतीकाठी कौलांचा कारखाना काढला. मुळात आल्साससारख्या प्रांतात निघालेले हे एकमेकांत अडकणारे चपटे कौल गलबतांतून मुंबईस व तेथून आत येऊ लागले. त्याचा स्वीकार केवळ हौसेने झाला असे समजू नये. नळ्याच्या कौलांना खाली रिपांची दाटी लागे. मंगळुरी कौलाला सुमारे फूट-फूट अंतरावर एकेक रीप पुरते. आणि लाकूड तर दुर्मिळ होत चालले होते. १८७८ च्या कायद्याने राने सरकारच्या ताब्यात अधिकाधिक जाऊ लागली. राबासाठी फांद्या तोडण्यापासून रयतेची गाऱ्हाणी इतकी वाढली की, ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील स्थिती पाहण्यासाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये निघाला. कुंभाराचा धंदा बसला, याचे दुःख त्या वेळी फारसे कोणी केले नाही. आज आपण ज्या मंगळुरी कौलाला परंपरा म्हणून कवटाळतो, तो एके काळचा परदेशी पाहुणा होय, हे विसरता कामा नये.

मग आता पत्रा अथवा स्लॅब घालण्यास हरकत काय? माझ्या मते आहे. पत्र्याखाली चैत्रात भाजून निघावे लागते व श्रावणात बोललेले ऐकू येत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते. शिवाय एखादे कौल फुटले तर घरचाच माणूस शिडी लावून ते बदलू शकतो. तेव्हा छप्पर उतरवताना प्रथम कौले नव्हेत, वळचणीकडील वाशांची टोके व आढे तपासावे. कुज बहुधा तेथे असते. कुजला तेवढाच वासा बदलावा. उतरवलेल्यांतील धड कौले दर्शनी पाख्यावर घालावीत आणि नवी मागील पाख्यावर, म्हणजे आळीचे रूप बिघडत नाही.

मंगळुरचे कित्येक कारखाने बंद पडल्यामुळे पाडलेल्या घरांची कौले विकत घेण्याची रीत पडली आहे. ती घेताना एक सावधगिरी हवी. अनेक कौलांवर १८६५ हा आकडा उमटलेला असतो, आणि विकणारा त्यावरून दीडशे वर्षांची किंमत सांगतो. ते साल कारखान्याच्या स्थापनेचे आहे. कौल त्यानंतर कित्येक दशकांनी भाजलेले असू शकते. आकड्यापेक्षा बोटाच्या पेराने ते वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर घ्यावे.