गोदाकाठी आलेली वाइन

कुंभार पिंपळगावच्या नावातच चाक फिरते आहे. घनसावंगी तालुक्यातल्या या गावी वाइन बनत नाही, पूर्वीही बनत नसावी. तरी वाइनचा मागोवा आपण इथून घेऊ, कारण या कथेला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी इथे आहेत: कुंभाराचे भांडे आणि गोदावरीचे खोरे. द्राक्षमद्याचा जुना पुरावा कागदाआधी खापरावर मिळतो. महाराष्ट्रात तशी खापरे प्रवरेकाठच्या नेवाशाला सापडली, तेरच्या पांढरीतही सापडली. निमुळत्या तळाचे, दोन कानांचे ते रांजण इथल्या कोणत्याही कुंभाराच्या हातचे नव्हते. ते समुद्रापलीकडून आले होते, आणि आत वाइन घेऊन आले होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीकभाषक खलाशाने लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती आज ओळखली जाते. भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी देताना त्याने सुरुवातच वाइनने केली आहे: इटलीच्या वाइनला पहिली पसंती, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, असेही तो नोंदवतो. पैठणचे गोमेद आणि तेरचे कापड गाड्यांत भरून बंदराकडे जाई. परतीच्या गाड्यांत काही रांजण असणार, असे उत्खननातली खापरे पाहून म्हणावेसे वाटते. पुढच्या अभ्यासकांनी या खापरांकडे पुन्हा बारकाईने पाहिले, तेव्हा भारतात रोमन म्हणून नोंदलेले बरेच तुकडे इराणी आखाताकडच्या रांजणांचे निघाले. आतून डांबराचा लेप दिलेले ते लांबट रांजण रोमन व्यापार ओसरल्यावरही शतकानुशतके येत राहिले. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. रोमचे वैभव आपण आवडीने सांगतो आणि आखाताच्या वाटेने टिकून राहिलेला व्यापार मात्र विसरतो.

द्राक्षाच्या रसाचे मद्य इथल्या ग्रंथकारांना अपरिचित नव्हते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याला ‘मधु’ म्हटले आहे. त्याचे प्रकार मात्र ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ असे प्रदेशांवरून ओळखले जात, आणि त्यातले कापिशी काबूलच्या उत्तरेला. म्हणजे चांगले द्राक्षमद्य बाहेरून यायचे, ही समजूत तेव्हाचीच.

इथून आपण एकदम चौदाव्या शतकात येऊ. मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला हलवली आणि तिला दौलताबाद केले. त्यानंतर काही वर्षांनी तिथे आलेल्या इब्न बतूताने लिहिले की, इथे द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा फळ देतात. द्राक्षबागाईतदार हे वाक्य वाचून थबकेल. आपल्याकडे हिवाळा वेलीला झोपवत नाही, म्हणून ती वर्षातून दोनदा छाटावी लागते: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना ऑक्टोबर छाटणी. आज पीक दुसऱ्या छाटणीचेच धरतात. पण वेलीचा हा दुहेरी स्वभाव त्या प्रवाशाने दख्खनच्या मातीतच पाहिला होता. द्राक्षे होती, तरी वाइन बाहेरूनच येत राहिली. सतराव्या शतकात फ्रेंच वैद्य बर्निये सांगतो की, शिराझची वाइन बंदर अब्बासहून जहाजाने सुरतेला उतरते आणि तिथून दिल्लीला पोचायला तिला सेहेचाळीस दिवस लागतात. किंमत अर्थातच चढी. पुढे इंग्रजांसोबत मडेरा आली. ऊन आणि लांबचा सागरप्रवास सोसून ती अधिकच मुरे, म्हणून उष्ण मुलखात तिला मान.

या साऱ्या काळात गोदाकाठच्या सामान्य घरात आंबवलेले द्राक्ष पोचले ते एकाच रूपात: वैद्याचे द्राक्षासव. काढ्यात धायटीची फुले घालून मातीच्या भांड्याचे तोंड कापडमातीने बंद करायचे आणि महिनाभर संधान होऊ द्यायचे. भांडे इथल्या कुंभाराचे, द्राक्षे बहुधा वाळवलेली. घोटभर औषध म्हणून ते आजी-आजोबांनी बिनदिक्कत घेतले आणि त्याला कोणी दारू म्हटले नाही. वाइनच्या इतिहासात या भांड्याला जागा द्यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

स्वातंत्र्यानंतर पुरवठ्याची किल्ली बंदराकडून परवान्याकडे गेली. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. निजामी राज्यातून सुटलेला मराठवाडा पुढे त्याच कायद्याच्या छायेत आला. द्राक्षाने मात्र वेगळी वाट धरली. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून तासगाव भागात निवडलेली तास-ए-गणेश यांनी नाशिक, सांगली, सोलापूरचे शिवार भरले. ती सगळी खायची द्राक्षे. वाइनसाठी पहिला मोठा उद्योग 1980 च्या दशकात नारायणगावला श्याम चौगुले यांनी उभारला. तिथली फेसाळ ‘ओमर खय्याम’ थेट युरोपच्या बाजारात गेली. दोन हजार वर्षांत प्रथमच बाटली उलट दिशेने निघाली. तो उद्योग पुढे कोसळला, पण त्याने दाखवलेली दिशा राहिली. 1997 मध्ये पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आले. 1999 मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकला सुला सुरू केली. 2001 मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले, करात सवलत दिली आणि विंचूर व पलूसला वाइन पार्क आखले.

पुढची उडी फार लांबची होती. शिराझ, कॅबर्ने, शेनिन ब्लांक यांच्या वेली भराभर लागल्या. (या शिराझचे इराणी शहराशी नावापुरतेच नाते, जनुकीय तपासणीत तिचे आईबाप फ्रान्सचे निघाले.) 2008 ची जागतिक मंदी आणि नोव्हेंबरातला मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेले ओस पडली. वाइन टाक्यांत साचली आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनद्राक्षांच्या बागा उपटल्या. खायचे द्राक्ष बाजार पडला तरी बेदाणा होऊन तरते. वाइनच्या द्राक्षाला कारखान्यावाचून दुसरे दार जवळजवळ नसते. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या दुकानांत वाइन ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्यावर राज्यभर वाद पेटला आणि निर्णय अमलात आला नाही.

आज देशातली बहुतेक वाइन महाराष्ट्रात होते, आणि त्यातली मोठी वाटणी गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात, दिंडोरी-निफाडकडे. तिथले पाणी खाली जायकवाडीत किती यावे, यावर नाशिक-नगर आणि मराठवाडा वर्षानुवर्षे भांडत आहेत. जायकवाडीचा डावा कालवा अंबड-घनसावंगीकडे येतो. त्यावर ऊस उभा राहतो, मोसंबी तगते, आणि 2012 सारखे वर्ष आले की मोसंबीच्या बागा जळून जातात. जालना तालुक्यातल्या कडवंचीने माथा ते पायथा पाणलोट अडवून आणि शेकडो शेततळी खोदून द्राक्षे पिकवली, तीही खायचीच. फेब्रुवारीत तिथे घड उतरू लागतात आणि क्रेट भरले की गाड्या बाजाराच्या वाटेला लागतात.