एअर इनटेक बदलला की गाडीचा पिकअप खरंच वाढतो का?

थंड हवा दाट असते, म्हणजे इंजिनाला ऑक्सिजन जास्त. त्यासाठीच अनेक जण कंपनीचा फिल्टरचा डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवतात. पण बॉनेटखालची हवा तापलेली असते! २५ अंशांच्या हवेपेक्षा ५५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ. मग वाढतो तो बहुतेक आवाजच.

शिरूर-दौंड पट्ट्यात त्यात धुळीची भर. गाळप हंगामात पाटस, आलेगावच्या साखर कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागे कच्च्या रस्त्यावर गाडी चालवली की फिल्टर लवकर भरतो. हलक्या फिल्टरमधून आत गेलेली बारीक धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडर झिजवते.

बदल करायचाच असेल, तर डबा बंद ठेवून हवा ग्रिलमागून घ्यावी. त्याआधी जुना फिल्टर काढून बघा. विशेषतः टर्बो डिझेल गाडीचा पिकअप अनेकदा तुंबलेल्या फिल्टरनेच मेलेला असतो.