कातळ, खडी आणि माती : कणांच्या घर्षणाची प्रस्तावना

बोरघाट चढताना काळ्या कातळाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून ते तयार झाले. हा कातळ लोणावळ्याजवळच्या नागफणीला जवळजवळ सरळ उभा राहतो. तोच फोडून खडी केली, की तिचा ढीग साधारण पस्तीस ते चाळीस अंशांचा उतार धरतो. त्याच कातळाची शतकानुशतके झीज होऊन बनलेली चिकणमाती पावसात भिजली, तर सौम्य उतारावरूनही घसरू शकते. मूळ दगड एकच असताना हा फरक का पडतो? उत्तराचा मोठा भाग कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे सापडतो. त्या टेकण्याचे शास्त्र म्हणजे या पुस्तकाचा विषय.

घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे गिय्योम आमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडले. लष्करी अभियंता असलेल्या कूलाँ यांनी १७७३ मध्ये तोच विचार भिंतीला रेटणाऱ्या मातीला लावला. क्षेत्रफळाचा संबंध का येत नाही, हे विसाव्या शतकात बोडेन आणि टेबर यांनी उलगडले. गुळगुळीत भासणारे पृष्ठभागही प्रत्यक्षात उंचवट्यांच्या माथ्यांवरच टेकतात. हा खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी छोटा अंश असतो, आणि भार वाढला की माथे दबून तो वाढतो.

कणांच्या बाबतीत खडबडीतपणा दोन पातळ्यांवर पाहावा लागतो. एक म्हणजे कणाचा आकार, त्याचे कोन आणि कडा; दुसरी म्हणजे सूक्ष्मदर्शकातच दिसणारे पृष्ठभागाचे खाचखळगे. कोनदार कण एकमेकांत अडकतात. सरकायचे तर त्यांना एकमेकांवर चढावे लागते, म्हणून दाटून बसलेली वाळू सरकताना फुगते. पॅटन यांनी १९६६ मध्ये करवतीसारखे दाते असलेले नमुने सरकवून दाखवले, की कमी दाबाखाली दात्यांचा कोन घर्षणाच्या कोनात मिळवला जातो. दाब वाढला की दातेच तुटतात. खडकातील भेगांचा खडबडीतपणा ० ते २० या मापाने सांगण्याची बार्टन आणि चौबे यांची १९७७ ची पद्धत याच विचाराची पुढची पायरी आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. पाठ्यपुस्तकांतली बहुतेक उदाहरणे क्वार्ट्‌झच्या वाळूची असतात. आपली प्रमाणित वाळूही तमिळनाडूतील एन्नोरची. मावळचा कातळ मात्र मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन यांचा बनलेला आहे. क्वार्ट्‌झच्या स्वच्छ, घासलेल्या पृष्ठभागांमधले घर्षण पाण्याने उलट वाढते. पापुद्र्यांची रचना असलेली खनिजे मात्र पाण्याने निसरडी होतात, आणि बेसॉल्ट झिजून होणाऱ्या चिकणमातीत अशाच, पाणी शोषून फुगणाऱ्या खनिजांचा भरणा असतो. त्यातच पावसाचे पाणी पोकळ्यांत साचून वरचा भार स्वतः पेलू लागले, की कणाकणांतला दाब घटतो आणि त्याबरोबर घर्षणही. हे गणित कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडले. पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. हे गणित किती मोलाचे आहे, हे त्यानंतर वेगळे सांगण्याची गरज नाही.

या विषयात शिरायला महागडी यंत्रे आधी लागत नाहीत. खाणीतली ताजी खडी, रस्त्यावर टाकलेला मुरूम आणि इंद्रायणीच्या पात्रातली वाळू भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहा. प्रत्येकाचा ढीग करून उताराचा कोन मोजा, मग नमुना भिजवून पुन्हा मोजा. फरक दिसला की त्याचे कारण कणाच्या पृष्ठभागात शोधा आणि त्यानंतर सूत्राकडे वळा. घाटातले रस्ते, बोगदे आणि डोंगरउतारांवरची गावे सुरक्षित ठेवायची तर इथल्या दगडाची मोजमापे इथल्याच अभ्यासकांनी घ्यायला हवीत. ते काम तुम्ही हाती घ्यावे, एवढ्यासाठी हे पुस्तक तुमच्यापुढे ठेवत आहे.