जुन्या लुगड्याच्या गोधडीला साडेतीन हजार?

मंडळी, गेल्या शनिवार-रविवारी आपल्या गावात गोधड्यांचं प्रदर्शन आणि विक्री झाली. फोटो तुम्ही पाहिलेच असतील, ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतंच. पण फोटोंखाली एक प्रश्न सारखा येत होता. प्रत्यक्षातही तीन-चार जणांनी मला बाजूला घेऊन तोच विचारला. "जुन्या लुगड्याच्या गोधडीला साडेतीन हजार? सोन्याचा दोरा घातलाय काय?" विचारणाऱ्याने चेष्टेत विचारलं असेल, पण प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही. चहा घेऊन बसा, पोस्ट लांब आहे.

मी निवृत्त मास्तर, इतिहास शिकवायचो. म्हणून बचत गटाच्या बायकांनी मला काम दिलं चिठ्ठ्या लिहायचं. प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी लावायची: कुणी शिवली, साधारण केव्हा, कापड कुठलं. मला वाटलं एका दुपारचं काम आहे. आठ दिवस लागले.

त्याचं कारण असं की गोधडीला एक साल नसतं. ती विरली म्हणून कुणी टाकत नाही, वरून नवा थर चढवतात आणि पुन्हा धावदोरा घालतात. जुनं आत जातं, नवं वर येतं. वरच्या वाडीतल्या एका काकींची गोधडी कोपऱ्यात उसवली होती, तिथून मी आत पाहिलं. वर ऐंशी सालानंतरचं फुलाफुलांचं पोपलीन. त्याखाली हिरव्या लुगड्याचा पदर, काठ अजून शाबूत. त्याखाली खाकी, बहुतेक कुणाची तरी हाफपँट. आणि सगळ्यात आत जाडंभरडं मांजरपाट. काकी म्हणाल्या, "ता मुंबयचा. सासऱ्यांनी गिरणीतसून हाडलेला."

इथून पुढे प्रत्येक घरात तेच निघत गेलं. गोधडीच्या पोटात गिरणीचं कापड.

आता थोडा इतिहास. मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली, दोन वर्षांनी गिरणी सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांना माणसं पुरवली ती मुख्यतः आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता, तो झाला १ मे १९८१ ला. इथे भाताची खाचरं एवढीएवढीशी, त्यातलं खोताला द्यायचं, उरलेल्यात वर्ष निघायचं नाही. खोती कायद्याने गेली १९४९ नंतर, तोवर दोन-तीन पिढ्या गिरणगावात जाऊन बसल्या होत्या. बाप्ये तिकडे, बायका-पोरं आणि शेती इकडे.

जाणंयेणं बोटीने. बोट बंदराबाहेर उभी राहायची, पडावातून माणसं आणि सामान किनाऱ्याला यायचं. पावसाळ्यात तीही बंद. शिमग्याला नाहीतर मे महिन्यात माणूस आला की त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत गिरणीचं तुकड्यातलं कापड असायचं. डाग पडलेलं, काठ बिघडलेलं, दुकानात न चालणारं, म्हणून स्वस्तात मिळालेलं. चांगल्या तुकड्याचं पोराला सदरा-चड्डी, उरलेल्याची गोधडी.

आणि परत जाताना? परत जाताना त्याच्या वळकटीत गोधडी असायची. गिरणगावातल्या एका खोलीत दहा-पंधरा माणसं राहायची, पाळीप्रमाणे झोपायची. तिथे खाट नव्हती, गादी नव्हती. गावाहून आलेली गोधडी हेच अंथरूण. म्हणजे कापड तिथून इथे यायचं आणि इथल्या बायकांचं काम होऊन पुन्हा तिथे जायचं. गिरणी मालकाला त्याचा कामगार रात्री कशावर झोपतो याचा खर्च कधीच करावा लागला नाही. तो खर्च आपल्या आज्यांनी केला, पडवीत बसून, भात झोडून झाल्यावरच्या महिन्यांत.

(इथे एक गोष्ट सांगतो, विषयाला सोडून नाही. माझी आजी कापडाला "रेशन" म्हणायची. "पेटीतला रेशन काढ" म्हणजे पेटीतलं कापड काढ. लहानपणी कळायचं नाही. महायुद्धात, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलं होतं. ते कार्ड गेलं, शब्द तिच्या तोंडात राहिला. त्या वर्षांतल्या गोधड्यांना ठिगळावर ठिगळ आहे. दोन बोटांएवढा तुकडासुद्धा फुकट घालवलेला नाही.)

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून मिटल्या, आपल्या गावात किती माणसं ट्रंक घेऊन परत आली ते तुमच्या-माझ्या घरात विचारा. गोधड्यांमध्येही ते दिसतं. त्यानंतरच्या थरांत मांजरपाट नाही. टेरिकॉट आहे, नायलॉनच्या साड्या आहेत. त्यात सुई सरकते, टाका धरत नाही, आणि ऊब तर नाहीच. बायकांनी तरी शिवल्या.

पुरुषांच्या कामाला हजेरीपट होता, पगाराची चिठ्ठी होती, मनीऑर्डरची पावती होती. या शिवणकामाची कुठे नोंद नाही. म्हणून मी चिठ्ठ्यांना आठ दिवस घालवले.

आता किमतीकडे येतो.

प्रदर्शनाच्या महिनाभर आधी शहरातून एक व्यापारी आला होता. माणूस बोलायला गोड. सगळ्या गोधड्या एकगठ्ठा घेतो म्हणाला, सरसकट सातशे रुपये नग. रोख. अट एकच, चिठ्ठ्या नकोत, त्याचं लेबल तो लावणार. बैठकीत निम्म्या बायका तयार झाल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही तयार झालो होतो. म्हटलं, घरबसल्या पैसे येतायत, कशाला मांडव आणि दोऱ्या. सरपंच बाईंनी मात्र विचारलं, "मास्तर, असं दुसरीकडे कुठे झालंय का? मग पुढे काय झालं त्यांचं?" घरी येऊन रात्री वाचत बसलो. दुसऱ्या बैठकीत त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं खेडं आहे. समुद्रावर नाही, नदीवर, पण नदीने तीन बाजूंनी वळसा घातलाय, त्यामुळे खाडीपलीकडच्या आपल्या एखाद्या वाडीसारखंच. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांचे वंशज तिथे राहतात, कापसाच्या शेतात राबलेले. तिथल्या बायका नवऱ्यांच्या फाटक्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. थंडीसाठी, शोभेसाठी नाही. १९६२ साली हे लोक मतदार नोंदणीसाठी तरीने पलीकडच्या तालुक्याच्या गावी जायला लागले, तर तरच बंद करून टाकली. मग तासाभराचा वळसा घालून जा. ती तर पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं.

१९६५ च्या अखेरीस त्या भागात फिरणाऱ्या एका पाद्र्याने दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या पाहिल्या. त्याने दहा-दहा डॉलरला काही विकत घेतल्या, न्यूयॉर्कला नेऊन लिलाव केला, आणि १९६६ च्या मार्चमध्ये तिथल्या बायकांची सहकारी संस्था उभी राहिली, फ्रीडम क्विल्टिंग बी. मतदानासाठी नाव घातलं म्हणून घरातून, कामावरून काढलेल्या बायकांना त्यातून हातात पैसा आला. पण मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या तशी अट आली. सगळ्या सारख्या मापाच्या, सारख्या नमुन्याच्या, टाका असाच. मनाला येईल तसे तुकडे जोडायची त्यांची जी खासियत, तिला त्या ऑर्डरींत जागा नव्हती.

गंमत पुढे आहे. त्याच वेड्यावाकड्या, मनाला येईल तशा जोडलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या. लोकांनी रांगा लावल्या, २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. आणि २००७ मध्ये त्यातल्या काही बायका कोर्टात गेल्या, आमच्या गोधड्यांच्या नावावर जे कमावलं गेलं त्यातलं आम्हाला पुरेसं मिळालं नाही म्हणून. ते पुढच्या वर्षी आपसात मिटलं. २०२२ पासून ते लोक ऑक्टोबरात आपल्याच गावात गोधड्या दोरीवर टाकतात, गिऱ्हाईक तिथे येतं, शिवणारीशी बोलतं आणि तिच्याकडून घेतं.

एवढं सांगून झाल्यावर एक आजी म्हणाल्या, "मग आमी दोरयेर घालतोच की दर वर्सा, पावसाआदी. गिरायक तेवढा नव्हता."

मग हिशोब मांडला. एक मोठी गोधडी म्हणजे रोज तीन तास धरून पंचवीस दिवस. पंचाहत्तर तास, म्हणजे नऊ दिवसांची पुरी मजुरी. रोजगार हमीचा २०२५-२६ सालचा आपल्या राज्यातला दर ३१२ रुपये होता. गोधडी शिवणं हे खड्डे खणण्यापेक्षा कमी कौशल्याचं आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा सुई धरून पाहावी, पण तोच दर धरला तरी २८०८ रुपये. अस्तराचं नवं सुती कापड आणि दोरा सहाशेच्या आसपास. बेरीज तुम्हीच करा. यात आतल्या जुन्या लुगड्यांची किंमत शून्य धरली आहे. व्यापाऱ्याचे सातशे कशाचे होते? दोरा-अस्तर वजा जाता दिवसाला अकरा-बारा रुपये.

तर साडेतीन हजार असे आले. सोन्याचा दोरा नाही.

प्रदर्शन झालं आपल्या बंद पडलेल्या शाळेच्या पटांगणात. पट कमी म्हणून शाळा गेली, पटांगण राहिलं. माडांना दोऱ्या बांधल्या, छत्तीस गोधड्या टांगल्या. त्यातल्या चौदा "विकायची नाही" अशा चिठ्ठीच्या. हेही बैठकीत बरंच भांडण होऊन ठरलं. विकायच्या नसतील तर जागा कशाला अडवायची, असं काहींचं म्हणणं. पण लोक थांबले ते त्यांच्यासमोरच. एका आजींच्या गोधडीला दोन दिवसांत सगळ्यात जास्त वेळा भाव विचारला गेला. त्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मुंबईहून आलेल्या एका बाईंनी पाच हजारांपर्यंत नेलं, तेव्हा त्यांनी मधल्या निळ्या पट्ट्यावर हात ठेवून सांगितलं, "ह्यो माझ्या घोवाचो शर्ट. ह्याचे पैशे कसे घेव?" त्या बाईंनी पुन्हा विचारलं नाही, बराच वेळ तिथेच बसून राहिल्या मात्र.

विकायच्या बावीसपैकी नऊ गेल्या. बाळांची दुपटी पहिल्या दिवशी दुपारीच संपली, ती जास्त करायला हवी होती, ही आमची चूक. घासाघीस खूप झाली आणि जास्त करून आपल्याच माणसांनी केली, हे लिहायला वाईट वाटतं. चाकरमान्यांपैकी एकाने हजार रुपये पुढे केले आणि शिवणारी त्याची लांबची काकीच निघाली. तिने हजाराला दिली नाही. रविवारी संध्याकाळी जिचे पैसे तिच्या हातात दिले. घरातल्या कुणाच्या हातात नाही.

उरलेल्या तेरा गोधड्या ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या आहेत, पावसाळ्यात वापरल्या जातील किंवा पेटीत राहतील. दिवाळीनंतर भाताची कामं आटोपली की पुन्हा दोऱ्या बांधायचं ठरतंय. तोवर एक विनंती. कुणाच्या माळ्यावर, पेटीत मांजरपाट असलेली जुनी गोधडी असेल तर नवीन ब्लँकेट आलं म्हणून ती गाडी पुसायला घेऊ नका. मला फोन करा. मी घरी येऊन फोटो काढतो, आत काय काय आहे ते लिहून घेतो, आणि गोधडी तुमच्याकडेच ठेवून जातो.