सड, गव्हाण आणि सावली

डुकरीण व्याली की काही तासांतच पिल्ले सडांवरून भांडू लागतात. जन्मतःच आलेल्या टोकदार दातांनी एकमेकांचे गाल ओरबाडतात आणि काही दिवसांत ज्याचा त्याचा सड ठरून जातो. पुढच्या सडांना दूध जास्त, म्हणून तिथे बहुधा वजनदार पिल्ले. ही वाटणी दूध तुटेपर्यंत सहसा मोडत नाही. डुकरांच्या समाजातली उतरंड इथून सुरू होते.  या विषयात येणाऱ्या प्रत्येकाने पुस्तक उघडण्याआधी एक दिवस अशा डुकरिणीजवळ बसून काढावा.

उतरंड म्हणजे क्रौर्य नव्हे. ओळखीच्या कळपात खालचा नुसती मान वळवून बाजूला झाला की तंटा मिटतो. रक्त निघते ते आपण निरनिराळ्या वेतांची जनावरे एका खणात कोंडतो तेव्हा. एक-दोन दिवसांत नवा क्रम बसतो, पण हरलेल्याला मागे सरकायला जागाच नसेल तर त्याचा मार संपत नाही. गव्हाण आखूड असेल तर तो रोज अर्धपोटी राहतो. तेव्हा डुकराच्या स्वभावाला बोल लावण्याआधी खणाची मापे घ्यावीत.

युरोपीय संघाने २०१३ पासून गाभण डुकरिणींना गाभणकाळाचा बराचसा भाग गटात ठेवणे बंधनकारक केले. अरुंद पिंजऱ्यातून त्या सुटल्या, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर खाद्यावरची मारामारी पुन्हा समोर आली आणि गव्हाणीची रचना हा संशोधनाचा मोठा विषय झाला.

जबलपूरला प्रश्न आणखी एका अंगाने येतो. इथले पशुवैद्यकीय महाविद्यालय १९४८ चे, आज नानाजी देशमुख विद्यापीठाखाली. देशी आणि संकरित डुकरांवर इथे काम झाले आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, अंग थंड करायला पाणी किंवा चिखलच लागतो. अशा वेळी गव्हाणीइतकीच ओल्या फरशीवरूनही चढाओढ होते. थंड मुलखातले आराखडे इथे जसेच्या तसे उचलणे मला घातक वाटते.

म्हणून विद्यार्थ्यांनी खांद्यांवरचे ओरखडे मोजावेतच, शिवाय भर दुपारी ओल्या जागेवर कोण लोळते आणि भिंतीकडेला धापा टाकत कोण उभे राहते, हेही रोज लिहून ठेवावे.