एका गाठीची दोन नावे

शासकीय सेवेत असताना प्रकरणावर ‘निकाली’ असा शेरा पडला की आम्ही निश्चिंत होत असू. या शेऱ्यातील घाई आम्हांस निवृत्तीनंतर उमगली. आमच्या आप्तांतील एका वृद्ध गृहस्थांनी मांडीतील गाठ काढल्यावर तपासणीचे सारे कागद रद्दीत घातले. ११ वर्षांनी त्यांच्या फुप्फुसात डाग दिसला, तेव्हा पडताळून पाहण्यास हाती काहीच उरले नव्हते.

ही गाठ मृदू ऊतींची, म्हणजे स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या व त्यांना सांधणाऱ्या तंतूंच्या दुर्मीळ अर्बुदांपैकी एक. तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९३१ साली न्यूयॉर्क येथील क्लेम्पेरर व राबिन यांनी फुप्फुसावरणावरील पाच अर्बुदांचे वर्णन करून स्थानबद्ध आणि पसरट असा भेद केला. १९४२ साली त्याच शहरातील आर्थर पर्डी स्टाउट आणि मार्गारेट मरे यांनी दोन निबंध प्रसिद्ध केले. एकात फुप्फुसावरणावरील स्थानबद्ध गाठ तेथील अस्तराच्या पेशींपासून उपजते, असे त्यांनी मांडले. दुसऱ्यात अन्यत्र आढळणाऱ्या गाठींचे मूळ केशवाहिन्यांना वेढणाऱ्या पेरिसाइट पेशींत मानून त्यांस ‘हिमॅन्जिओपेरिसायटोमा’ हे नाव दिले. एकाच रोगाची दोन दप्तरे एकाच वर्षी, त्याच दोघांच्या हातून उघडली गेली!

नावे रूढ झाली, पण गाठीचे वर्तन नावावरून कळेना. बहुतेक गाठी शस्त्रक्रियेने कायमच्या जात. काही मात्र १०-१५ वर्षांनी फुप्फुसात, यकृतात वा हाडांत उगवत. १९७६ साली एन्झिंजर व स्मिथ यांनी १०६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि पेशीविभाजनाचे प्रमाण मोजण्यावर भर दिला.

उलगडा झाला तो २०१३ साली. बाराव्या गुणसूत्रावरील ‘एनएबी२’ व ‘एसटीएटी६’ ही शेजारची जनुके एकमेकांस जुळून या गाठी उद्भवतात, असे निष्पन्न झाले. पुढे मेणात जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांवर ‘एसटीएटी६’ प्रथिनाची परीक्षा करता येऊ लागली. जुन्या नावाच्या बहुतेक गाठी याच कुळातील ठरल्या, आणि आज त्यांस ‘सॉलिटरी फायब्रस ट्यूमर’ म्हणतात. रुग्णाचे वय, गाठीचा आकार, पेशीविभाजन आणि मृत पेशींचे प्रमाण यांवरून आता पसरण्याचा धोका अजमावतात. तथापि, कमी धोका म्हणजे धोका नाही, असे नव्हे.

जपलेला नमुना होता म्हणून सत्तर वर्षांची चूक दुरुस्त झाली. आपल्या घराण्यांनी सनदा आणि वतनपत्रे पिढ्यान् पिढ्या जपली. काढलेल्या गाठीचा तपासणी-अहवालही त्याच पेटीत ठेवावा, आणि वैद्यांनी सांगितलेली तपासणी वर्षे लोटली म्हणून चुकवू नये. हे प्रकरण निकाली काढण्याची घाई आपण करू नये.